हायड्रॉलिक यंत्रणा समजून घेताना: बाटली जॅकपासून डम्पिंग ट्रॉलीपर्यंत

गॅरेजमधला बाटली जॅक, मुरूम ओतणारी डम्पिंग ट्रॉली आणि रस्त्याकडेला चर खणणारा जेसीबी ही यंत्रे दिसायला कितीही वेगळी असली, तरी तिन्हींमध्ये कोंडलेले तेल एका टोकाला ढकलले जाते आणि ते दुसऱ्या टोकाला ओझे हलवते. आयटीआय संपवून नुकतेच कामाला लागलेले तरुण, स्वतःचा ट्रॅक्टर स्वतःच सांभाळणारे शेतकरी आणि कारखान्यात प्रेसवर नव्याने उभे राहिलेले ऑपरेटर यांना एवढे ठाऊक असते. परंतु ट्रॉली अर्ध्यावर अडकली किंवा प्रेसचा जोर कमी झाला, की तपासणी कुठून सुरू करावी हे त्यांना सुचत नाही. याचे मूळ बहुधा एकाच गैरसमजात असते. पंप दाब तयार करतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पंप फक्त तेल पुढे सारतो. दाब तयार होतो तो त्या तेलाची वाट अडवणाऱ्या ओझ्यामुळे. पुढील सर्व पायऱ्यांमध्ये ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत समोर येईल, म्हणून ती प्रथमच मनाशी पक्की करून ठेवावी.

पायरी पहिली: बाटली जॅक हाताळून पाहावा

शिकण्यासाठी बाटली जॅकइतके स्वस्त आणि सोपे साधन दुसरे नाही. त्याच्या मधोमध जाड राम, म्हणजे ओझे वर उचलणारा पोलादी खांब असतो, रामाच्या सिलिंडरभोवती बाहेरच्या नळकांड्यात तेलाचा साठा असतो, आणि बाजूला दांड्याने वरखाली होणारा बारीक प्लंजर (दट्ट्या) असतो. तळाच्या ओतीव भागात दोन छोट्या पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. प्लंजर वर उचलला की पहिली गोळी उघडते आणि साठ्यातले तेल आत येते. प्लंजर खाली दाबला की ती गोळी बंद होते, दुसरी उघडते आणि तेल रामाखाली जाते. हे तेल परत येऊ नये, याची काळजी दुसरी गोळी घेते. जॅक खाली घेण्यासाठी जो स्क्रू सैल केला जातो, तो रामाखालच्या तेलाला साठ्याकडे परतण्याची वाट मोकळी करून देतो.

आता थोडा हिशेब करू. प्लंजरचा व्यास 10 मिमी आणि रामाचा 40 मिमी असेल, तर त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे 0.785 आणि 12.57 चौरस सेंटिमीटर, म्हणजे सोळा पट फरकाची भरतात. दांड्यावर 20 किलोचा जोर दिला आणि दांड्याच्या तरफेने तो पंधरा पट केला, तर प्लंजरवर 300 किलोचा जोर येतो. तो एवढ्याशा क्षेत्रफळावर पडत असल्यामुळे तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 380 किलो होतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडलेला नियम आहे. त्यानुसार तोच दाब रामाखालीही असतो, आणि 12.57 चौरस सेंटिमीटरवर तो साधारण 4,800 किलो उचलतो. घर्षणामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी भरतो, इतकेच.

मात्र हा जोर फुकट मिळत नाही. प्लंजर एका खेपेला 25 मिमी खाली गेला, तर राम त्याच्या सोळाव्या हिश्श्याने, म्हणजे जेमतेम दीड मिमीने वर येतो. गाडी 12 सेंटिमीटर उचलायची असेल, तर दांडा सत्त्याहत्तर वेळा मारावा लागेल. जोर सोळा पट झाला, अंतर सोळा पट कमी झाले, आणि गुणाकार तोच राहिला.

यानंतर एक प्रयोग अवश्य करावा. जॅकवर काहीही न ठेवता दांडा मारून पाहावा. तो दोन बोटांनी हलतो आणि राम सहज वर येतो. पंप तोच, तेल तेच, हात तोच. तरीही दाब जवळजवळ शून्य असतो, कारण तेलाला अडवणारे काही नाही. त्याच जॅकवर गाडीचे वजन आले की दांडा जड होतो. ओझ्याला पुरेल इतकाच दाब तयार होतो, त्याहून जास्त नाही.

पायरी दुसरी: पाणी सोडून तेल का, हे जाणून घ्यावे

या विद्येची सुरुवात पाण्यावर झाली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा खरी अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. दाब वाढला की पाणी रामाच्या कडेने निसटत असे. त्यांच्याच कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांनी वाटीसारख्या आकाराचे चामड्याचे सील, म्हणजे गळती अडवणारे कडे बसवले. आतला दाब वाढला की या वाटीची कड आपोआप बाहेर फाकून रामाला अधिक घट्ट बिलगते. आजच्या रबरी यू-सीलमध्येही हीच युक्ती आहे, आणि म्हणूनच असे सील उलटे बसवले, तर नवे कोरे असूनही ते गळते. लंडनमध्ये तर 1883 पासून 1977 पर्यंत एक कंपनी रस्त्याखालच्या नळांतून दाबाखालचे पाणी विकत होती आणि त्यावर गोदीतल्या क्रेन आणि इमारतींतल्या लिफ्ट चालत होत्या. तिथल्या टॉवर ब्रिजचे वर उचलले जाणारे दोन भाग 1894 पासून पाण्याच्या दाबावर उघडत आणि 1970च्या दशकात ती यंत्रणा बदलून तेल आणि वीज आली.

पाण्याने लोखंड गंजते, घासणाऱ्या भागांना वंगण मिळत नाही आणि बारीक फटींतून ते लवकर निसटते. खनिज तेलात हे तिन्ही दोष नाहीत. तेल अजिबात दाबले जात नाही, असे पुस्तकी वाक्य आपण पाठ करतो, पण ते पूर्ण खरे नाही. दाब 100 बारने (1 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो) वाढला की तेलाचे आकारमान साधारण अर्धा ते पाऊण टक्का घटते. रोजच्या कामात एवढा फरक जाणवत नाही. हवा मात्र भरपूर दाबली जाते. म्हणूनच तेलात हवा शिरली की ट्रॉली धक्के खात वर जाते आणि जॅकचा दांडा लिबलिबीत लागतो.

तेल घेताना डब्यावर 32, 46 किंवा 68 असा आकडा दिसतो. तो 40 अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा आकडा असतो. आकडा मोठा असेल, तर तेल दाट. सतत उन्हात चालणाऱ्या यंत्राला 68 आणि छपराखालच्या प्रेसला 46 असा सर्वसाधारण रिवाज आहे, परंतु अंतिम शब्द यंत्राबरोबरच्या पुस्तिकेचा मानावा. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे अधिकच काटेकोरपणे पाळावे, कारण अनेक ट्रॅक्टरांत गिअर, तेलातले ब्रेक आणि हायड्रॉलिक यांना मिळून एकच तेल असते. जॅकमध्ये ब्रेक ऑइल टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ते तेल वेगळ्या जातीचे असते आणि खनिज तेलासाठी बनवलेली सीले त्याने फुगून खराब होतात. इंजिनातून काढलेले जळके ऑइल जॅकमध्ये किंवा ट्रॉलीच्या टाकीत ओतणे ही तर शुद्ध उधळपट्टी आहे. शे-दोनशे रुपये वाचतात आणि काही हजारांचा पंप जातो.

पायरी तिसरी: तेलाचा मार्ग बोटाने दाखवता आला पाहिजे

ट्रॉलीजवळ उभे राहून टाकीपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक पाइपवर बोट ठेवत तेल कुठून कुठे जाते, ते स्वतःला सांगावे. टाकी, गाळणी, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, कंट्रोल व्हॉल्व्ह, होज (लवचीक नळी), सिलिंडर आणि परत टाकी, एवढीच ही साखळी आहे. हे ज्याला न चुकता सांगता येते, त्याचे निम्मे काम झाले.

पंप बहुधा गिअर पंप असतो. एका घट्ट डबीत दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. तेल या दोन गिअरांच्या मधून पुढे जाते, असे जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला वाटते. तसे ते जात नाही. दात आणि डबीची भिंत यांच्यामधल्या खाचांत अडकून तेल बाहेरच्या कडेने फिरून पलीकडे पोहोचते, आणि मधले एकमेकांत बसलेले दात त्याला मागे येऊ देत नाहीत. जुना पंप उघडून पाहिला, तर तेल आत येण्याच्या बाजूला डबीच्या भिंतीवर झिजेचा चकचकीत पट्टा दिसतो. पलीकडच्या दाबामुळे गिअर त्या बाजूला रेटले जाऊन भिंतीला घासल्याची ती खूण असते. पंप एका फेऱ्यात 27 घनसेंटिमीटर तेल सारत असेल आणि मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल, तर त्याचा प्रवाह मिनिटाला सुमारे 40 लिटर होतो. फेरे तेवढेच असतील, तर ट्रॉली रिकामी असो वा भरलेली, हा प्रवाह जवळपास सारखाच राहतो.

पंप थांबत नाही आणि तेलाला वाट मिळाली नाही, तर काय होईल? दाब वाढत वाढत जाऊन सर्वांत कच्चा दुवा फुटेल. तसे होऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. त्यातली स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत टिकते आणि त्यापुढे तेलाला थेट टाकीची वाट उघडून देते. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा: रिलीफ व्हॉल्व्ह उघडला असताना पंपाची सगळी ताकद तेल तापवण्यात खर्च होते. 150 बार दाबाला मिनिटाला 40 लिटर तेल रिलीफमधून जात असेल, तर दहा किलोवॅटची उष्णता तयार होते, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायचे दीड किलोवॅटचे सहा-सात रॉड टाकीत सोडल्यासारखेच झाले. टाकीत 40 लिटर तेल असेल, तर ते मिनिटाला साधारण नऊ अंशांनी तापते. ट्रॉली पूर्ण वर गेल्यावरही लिव्हर दाबून धरणारा ड्रायव्हर तीन-चार मिनिटांत तेलाची वाट लावतो, ती अशी.

कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत स्पूल नावाचा एक गोल, खाचा असलेला दांडा पुढेमागे सरकतो. मधल्या स्थितीत तो पंपाकडून आलेले तेल सरळ टाकीत सोडतो आणि सिलिंडरची वाट बंद करतो. त्यामुळे इंजिन चालू असूनही पंपावर भार नसतो आणि ट्रॉली आहे तिथे थांबते. लिव्हर एका बाजूला केला की तेल सिलिंडरकडे वळते, दुसऱ्या बाजूला केला की सिलिंडरमधले तेल टाकीला मिळते आणि ट्रॉली आपल्याच वजनाने खाली येते. स्पूल आणि त्याचे भोक यांच्यामधली फट काही मायक्रॉनच (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, यावरून या फटीचा अंदाज यावा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे तेल स्पूलसाठी स्वच्छ असेलच, असे नाही.

डम्पिंग ट्रॉलीचा सिलिंडर बहुधा एकात एक बसलेल्या नळ्यांचा असतो, आणि त्याचे वागणे पाहण्यासारखे आहे. सर्वांत जाड नळी आधी बाहेर येते, कारण तिचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ती कमी दाबात हलते. ट्रॉली आडवी असताना भार सर्वांत जास्त असतो, आणि नेमकी त्याच वेळी जाड नळी काम करते. ट्रॉली कलू लागली की माल सरकतो आणि भार उतरतो. मग बारीक नळीही पुरते. पंपाचा प्रवाह तोच असल्यामुळे बारीक नळ्या अधिक वेगाने बाहेर येतात. शेवटच्या टप्प्यात ट्रॉली एकदम झपाट्याने उठते, ती बिघाडामुळे नव्हे.

पायरी चौथी: दोन-तीन हिशेब हाताने करावेत

दाबाची एकके प्रथम नीट ओळखावीत. गॅरेजमध्ये ‘शंभर किलो प्रेशर’ म्हणतात, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलो असा अर्थ असतो, आणि तो 98 बारच्या बरोबरीचा असल्यामुळे व्यवहारात किलो आणि बार एकच मानले तरी चालते. पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) मात्र वेगळे. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय. गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या घड्याळावर, बहुधा दोन्ही आकडे छापलेले असतात आणि चुकीच्या वर्तुळावरचा आकडा वाचला, तर सगळाच हिशेब कोसळतो.

आता समजा, दोन्ही बाजूंनी तेल घेणारा सिलिंडर आहे, त्याचा आतला व्यास 100 मिमी आणि त्यातून आतबाहेर होणाऱ्या रॉडचा 56 मिमी आहे. पूर्ण बाजूचे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर येते. 150 बारला तो जवळपास 12 टनांचा धक्का देतो. प्रवाह मिनिटाला 40 लिटर असेल, तर 40,000 भागिले 78.5 या हिशेबाने रॉड मिनिटाला सुमारे 510 सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला साडेआठ सेंटिमीटर बाहेर येतो. परत येताना रॉडने काही जागा अडवलेली असते, म्हणून क्षेत्रफळ 53.9 चौरस सेंटिमीटरच उरते. ओढण्याचा जोर सव्वाआठ टनांवर येतो आणि वेग सेकंदाला बारा सेंटिमीटरच्या वर जातो. लागणारी शक्ती काढण्यासाठी बार आणि लिटर यांचा गुणाकार करून 600 ने भागावे. 150 गुणिले 40 भागिले 600 म्हणजे 10 किलोवॅट. गळती आणि घर्षण धरून पंपाला सुमारे 12 किलोवॅट, अर्थात 16 अश्वशक्ती पुरवावी लागेल.

या हिशेबातून जे हाती लागते, ते आयुष्यभर उपयोगी पडते: जोर दाब आणि क्षेत्रफळ यांवर अवलंबून असतो, तर वेग प्रवाह आणि क्षेत्रफळ यांवर. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळून ट्रॉली वेगाने वर जात नाही, आणि इंजिनाचे फेरे वाढवून तिचा जोर वाढत नाही. हे दोन्ही उद्योग रोज कुठे ना कुठे चालू असतात, आणि पहिला तर धोक्याचा आहे, कारण होज आणि सिलिंडर ज्या दाबासाठी बनवलेले आहेत, त्यापुढे आपण त्यांना नेत असतो.

पायरी पाचवी: हात लावण्यापूर्वी

हायड्रॉलिक यंत्रणा आवाज न करता जीव घेऊ शकते, म्हणून ही पायरी वाचून सोडून देण्याची नाही. उचललेल्या ओझ्याखाली केवळ तेलाच्या भरवशावर जाऊ नये. गाडीखाली जायचे असेल, तर जॅकने उचलल्यावर ती स्टँडवर टेकवावी. ट्रॉली वर करून काम करायचे असेल, तर आधी ती रिकामी करावी आणि तिच्या चॅसीला असलेला लोखंडी टेकू लावावा. टेकू नसेल, तर तो वेल्डरकडून करून घेईपर्यंत काम पुढे ढकलावे. एक ओ-रिंग (गोल रबरी सील) फाटली, किंवा कुणाचा हात चुकून लिव्हरला लागला, तरी काही टनांचा सांगाडा क्षणात खाली येतो. ट्रॉली उचलताना जमीन सपाट असावी आणि डोक्यावर विजेच्या तारा आहेत का, ते आधी पाहावे. वर गेलेली ट्रॉली तारेला लागल्याने होणारे अपघात हे हायड्रॉलिकचे दोष नव्हेत, पण ते घडतात ते त्याच लिव्हरच्या टोकाला.

गळतीची जागा हाताने चाचपून शोधू नये. होजला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही आणि ती कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. आत पसरलेले तेल मात्र काही तासांत मांस कुजवू लागते आणि बोट किंवा हात कापण्याची वेळ येऊ शकते. अशी शंका आली, तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायची असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा आणि त्यावर तेल कुठे उमटते, ते पाहावे.

कोणतेही जोड सोडण्यापूर्वी ओझे जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीन वेळा हलवून पाइपांत अडकलेला दाब मोकळा करावा. यंत्रात अॅक्युम्युलेटर असेल, तर एवढ्याने भागत नाही. ही नायट्रोजन वायू भरलेली बाटली असते. पंप बंद झाल्यावरही तिच्यात दाबाखालचे तेल शिल्लक राहते. साखर कारखान्यांत उसाच्या मिलच्या वरच्या रोलरवर अशाच अॅक्युम्युलेटरच्या साह्याने दाब ठेवलेला असतो, त्यामुळे उसाचा थर जाड आला की रोलर थोडा वर उचलला जातो आणि दाब साधारण तेवढाच राहून गाळप चालू राहते. अशा यंत्रावर नवख्याने एकट्याने पाना लावू नये. बाटलीत नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन तर कधीही भरू नये, कारण तेलाशी गाठ पडताच स्फोट होतो.

पायरी सहावी: तेल भरून यंत्र प्रथम चालू करताना

तेलाची पातळी नेहमी सर्व सिलिंडर आत घेतलेल्या स्थितीत पाहावी. ट्रॉली वर असताना टाकी काठोकाठ भरली, तर ट्रॉली खाली येताना सिलिंडरमधले तेल परत येऊन टाकीतून उतू जाते. तेल ओतण्यापूर्वी टाकीचे झाकण आणि आजूबाजूचा भाग फडक्याने पुसावा, फनेल धुऊन कोरडे करावे आणि कॉटन वेस्ट वापरू नये, कारण त्याचे तंतू गाळणीत अडकतात. होजच्या टोकांना आणि क्विक कपलरना (होज झटपट जोडण्या-सोडण्याच्या जोडांना) टोप्या असतात, त्या फेकून न देता लावाव्यात. ऊसतोडीच्या दिवसांत उघडा कपलर शेतातल्या धुळीत लोंबकळत राहिला, तर ती सगळी धूळ पुढच्या जोडणीला स्पूलपर्यंत पोहोचते.

कपलर जोडताना तो टक् असा आवाज होईपर्यंत पूर्ण बसला पाहिजे. दोन होजांच्या सिलिंडरला परतीचा कपलर अर्धवट बसला, तर रॉडच्या बाजूचे तेल कोंडते आणि क्षेत्रफळांच्या फरकामुळे तिथला दाब पंपाच्या दाबापेक्षाही वाढतो. वरच्या उदाहरणातल्या सिलिंडरमध्ये भार नसताना 150 बार लावले, तर कोंडलेल्या बाजूला सुमारे 218 बार होतील, आणि तिथे रिलीफ व्हॉल्व्ह नसतो.

इंजिन कमी फेऱ्यांवर चालू करून ते काही वेळ तसेच राहू द्यावे. नंतर रिकामी ट्रॉली थोडी वर, पुन्हा खाली, मग अर्ध्यापर्यंत, मग पूर्ण, अशी हळूहळू हलवावी, म्हणजे आत अडकलेली हवा तेलाबरोबर टाकीत येऊन बाहेर पडते. हालचाल सलग होईपर्यंत माल भरू नये. शेवटी पातळी पुन्हा पाहून कमी झालेले तेल भरावे. बाटली जॅकमधली हवा काढताना जॅक उभा ठेवून राम पूर्ण खाली दाबावा, सोडण्याचा स्क्रू एक फेरा सैल करावा, तेल भरण्याचा रबरी बूच काढावा आणि दांडा दहा-पंधरा वेळा भराभर मारावा. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरून बूच आणि स्क्रू बंद करावा.

पायरी सातवी: बिघाड शोधताना

येथे पहिल्या पायरीतली समजूत कामी येते. तक्रार ऐकताना एकच प्रश्न विचारावा: वेग कमी झाला आहे की जोर? रिकामी ट्रॉलीही रेंगाळत वर जाते, पण भरलेली ट्रॉलीसुद्धा शेवटी उचलली जाते, अशी तक्रार असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे. तेलाची पातळी, तुंबलेली गाळणी आणि झिजलेला पंप या क्रमाने पाहावे. रिकामी ट्रॉली झटकन उठते, पण माल भरला की हलत नाही, असे असेल, तर दाब कुठेतरी निसटतो आहे. अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्ह आधी पाहावा. त्याच्या बसण्याच्या जागेवर कचऱ्याचा एक कण अडकला, तरी तो पूर्ण मिटत नाही. गेज लावून, ट्रॉली शेवटपर्यंत नेऊन, लिव्हर दोन-तीन सेकंदच धरावा आणि आकडा वाचावा. पुस्तिकेतला आकडा 150 असताना 90 वर काटा थांबत असेल, तर रिलीफ साफ करून पुन्हा मोजावे, आणि त्यानंतरही फरक नसेल, तरच पंप काढावा. पंप आधी काढून मेकॅनिककडे नेणे आणि दोष नंतर व्हॉल्व्हमध्ये सापडणे, हा क्रम फार महाग पडतो.

वर उचललेली ट्रॉली हळूहळू बसत असेल, तर सिलिंडरची सीले बदलण्याची घाई होते. एका होजच्या सिलिंडरमध्ये सील गेले, तर तेल रॉडवरून बाहेर ओघळताना दिसले पाहिजे. बाहेर काहीच दिसत नसेल आणि तरीही ट्रॉली बसत असेल, तर तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधूनच टाकीत परतते आहे. ट्रॉली रिकामी करून टेकवल्यावर लिव्हर मध्यभागी पूर्ण येतो का, त्याची तार किंवा दांडी ओढलेली तर नाही ना, हे पाहावे. पुष्कळदा दोष तिथेच असतो आणि खर्च शून्य येतो.

पंपातून खडी खळखळल्यासारखा आवाज येत असेल, तर पंपाला तेल पुरत नाही. गाळणी तुंबलेली असते, तेल थंडीत घट्ट झालेले असते किंवा शोषणाचा पाइप आतून चिंबलेला असतो. त्यामुळे पंपात पोकळीचे बुडबुडे तयार होऊन दाबाच्या बाजूला फुटतात आणि धातूचे कण उखडतात. असा आवाज आला, तर काम तिथेच थांबवावे. टाकीत फेस दिसत असेल, तर शोषणाच्या बाजूने हवा शिरते आहे. शोषणाच्या पाइपाच्या जोडांवर थोडे तेल लावून पाहिले की आवाज क्षणभर बदलतो आणि जागा सापडते.

तेलाकडेही अधूनमधून पाहावे. टाकीतले थोडे तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. ते दुधाळ असेल, तर पाणी शिरले आहे. बहुधा ट्रॉली पावसात उभी असताना झाकणातून. काळपट आणि जळका वास येणारे तेल वारंवार तापले आहे, आणि तळाशी चमकणारे कण दिसले, तर पंप किंवा सिलिंडर झिजत आहे. तिन्ही प्रकारांत वरून नवे तेल घालून भागत नाही. ट्रॉली खाली असताना तेल गरम असेपर्यंत सगळे काढावे, टाकीचा तळ हात घालून पुसावा, गाळणी बदलावी आणि मगच नवे भरावे. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या यंत्राची गाळणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पहिल्यांदा लवकर बदलावी, कारण बनवताना आणि जोडताना राहिलेला कचरा सुरुवातीच्या दिवसांतच बाहेर येतो.